स्प्लेंडर, दुधाच्या कॅनी आणि काळी वायर

आमच्या गाडीतला पहिला बदल आबांनी केला, आणि त्याला मॉडिफिकेशन म्हणतात हे त्यांना आजही माहीत नाही. २००९ साली स्प्लेंडर प्लस घरी आली. नारळ फुटला, हार सुकायच्या आत आबा ती घेऊन गावातल्या लोहाराकडं गेले आणि मागं दोन्ही बाजूंना दहा एमेम सळीचे आकडे मारून आले. एका आकड्याला वीस लिटरची दुधाची कॅन, दुसऱ्याला दुसरी. मी तेव्हा आयटीआयला होतो. कोऱ्या गाडीवर वेल्डिंगचे काळे डाग बघून माझं तोंड उतरलं. आबा म्हणाले, "गाडी काय बघायला आणलीया?"

तीच गाडी आज माझ्याकडं आहे. मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, घर कळ्याच्या पुढं. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री गगनबावडा रोडनं घरी. सकाळी त्याच गाडीवर डेअरीला दूध. त्यामुळं माझे सगळे प्रयोग स्वस्तातले आणि एका सुट्टीत उरकणारे. सोमवारी गाडी चालू पाहिजेच.

वयाच्या बाविसाव्या वर्षी सगळ्यांनी केलं ते मीही केलं. सायलेन्सरमधली पुंगळी, म्हणजे आवाज दाबणारी नळी, काढली. खर्च शून्य, एक बोल्ट आणि पक्कड. दोन दिवस गल्लीत राजा. तिसऱ्या दिवशी गोठ्यातली म्हैस आवाजानं बुजली आणि पान्हा चोरला. आबांनी काही न बोलता पुंगळी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबलची मर्यादा असते, पोलीस असले सायलेन्सर काढून रोड रोलरखाली घालतात, हे मला फार नंतर कळलं. म्हशीनं आधीच निकाल दिलेला.

दुसरा गाढवपणा साडी गार्डचा. ते काढलं की मागचं चाक मोकळं दिसतं, गाडी सडपातळ वाटते. काढलं. पंधरा दिवसांनी आई एका बाजूला पाय घालून बसली आणि गल्लीच्या वळणावरच पदराचं टोक तारांत गेलं. वेग नव्हता म्हणून लुगडं फाटण्यावर भागलं. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असलंच पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत चक्क १२३ नंबरचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी गार्ड परत बसवलं आणि त्याच्या पट्टीवर लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवली. चाळीस रुपयांची टेप, कॅनींच्या मागंही लावली. या गाडीवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा बदल तोच.

कारण आमचा रस्ता. हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या आणि अंगद (ट्रॅक्टरला जोडलेल्या ऊसगाड्या) रात्रभर रांगेत. मागं ना दिवा ना टेप. समोर काळा डोंगर दिसतो आणि तो डोंगर ऊस आहे हे वीस फुटांवर कळतं. त्यामुळं हेडलाईटच्या मागं मी जेवढा वेळ घालवला तेवढा लग्नाच्या खरेदीतही घालवला नाही.

आधी अडीचशे रुपयांचा एलईडी बल्ब आणला. माझ्या मॉडेलला हेडलाईट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालतो. म्हणूनच ॲक्सिलेटर पिळला की उजेड वाढतो. आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर सोडलेला असताना, एलईडी जत्रेतल्या माळेसारखा लुकलुकायला लागला. पळताना झगझगीत, पण खाली रस्त्यावर उजेड कमी आणि झाडांच्या शेंड्यांवर जास्त. आतल्या आरशाचा आकार तारेच्या बल्बच्या जागेवरून काढलेला असतो. उजेड दुसऱ्याच ठिकाणाहून निघाला तर तो आरसा तरी काय करणार? समोरचा प्रत्येक जण मला डिप्पर मारत होता. तीन दिवसांत तो बल्ब गोठ्यात गेला.

मग साधा ३५ वॅटचा नवा बल्ब घातला. होल्डरचे टोक सँडपेपरनं घासले, अर्थिंगचा गंजलेला बोल्ट साफ केला. शाळेच्या भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी सरळ उभी करून बायकोला मागं बसवलं. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारली आणि लो बीमचा वरचा काठ त्या रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत दिवा झुकवला. खर्च बल्बाचा तेवढा. यात एक मेख आहे: भरलेल्या दोन कॅनी म्हणजे चाळीस किलोच्या वर वजन. मागची बाजू बसते आणि दिवा आभाळ बघायला लागतो. पहाटे अंधारात दूध घेऊन जायचं असलं तर मी दिवा अजून दोन बोटं खाली दाबतो. बोल्ट त्यासाठी मुद्दाम हातानं फिरेल इतकाच आवळलेला आहे.

आता काळी वायर.

मोबाईल चार्जर बसवायचा होता. दीडशे रुपयांना मिळतो, लाल आणि काळी अशा दोन वायरी. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, हे चौथीतल्या पोरालाही माहीत. टाकीखालचा वायरिंगचा गठ्ठा सोडला, लाल लालला, काळी काळीला. चावी फिरवली, चार्जर मेलेला. दुकानात जाऊन बदलून आणला. तोही मेलेला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानं काउंटरवरच्या बॅटरीला लावून दाखवला. झक्क पेटला. वर माझ्याकडं असं बघितलं की मी चहासुद्धा न घेता निघालो.

हिरो होंडात वायरींचे रंग होंडाचे आहेत. त्यात हिरवी म्हणजे अर्थ, लाल म्हणजे बॅटरीचा प्लस आणि काळी म्हणजे चावीतून आलेला प्लस. मी चार्जरच्या दोन्ही टोकांना प्लसच दिला होता. करंट जाणार कुठं? मग चार्जरची लाल गाडीच्या काळीला, काळी गाडीच्या हिरवीला. काळीवर घेतल्यानं चावी काढली की चार्जर बंद. हे महत्त्वाचं, कारण किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी अडीच ॲम्पियर-तासाची, आणि मोबाईल पूर्ण जोरात चार्ज होताना चार्जर साधारण एक ॲम्पियर ओढतो. थेट बॅटरीवर लावून विसरलात तर दोन-अडीच तासांत हॉर्नचा आवाज बसतो. मध्ये दोन ॲम्पियरचा फ्यूज घाला. दहा रुपयांचा आहे, कंजुषी नको. आणि गाडीची मूळ वायर कापू नका, कपलरमधनं, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडातनं, घ्या.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. स्प्लेंडरचं इंजिन आडवं, हेड पुढच्या चाकाच्या तोंडावरच, स्पार्क प्लगही तिथंच. गगनबावड्याकडचा पाऊस आणि शेतातला चिखल चाकावरून उडून थेट तिथं बसतो, मग गाडी भर रस्त्यात ठसकायला लागते. ट्रकच्या फाटक्या ट्यूबची वीतभर पट्टी कापून पुढच्या मडगार्डला दोन नटबोल्टनं लावली. फोर्क पूर्ण दाबला तरी पट्टी टायरला घासत नाही ना, एवढं बघून घ्यायचं. पहिल्या वेळी घासली होती, पन्हाळा फाट्यापर्यंत रबराचा वास घेत गेलो.

सध्या साईड स्टँडचं काम आहे. डेअरीसमोरच्या चिखलात स्टँड रुततो आणि कॅनीसकट गाडी आडवी होते. कंपनीच्या भंगारातली तीन एमेम पत्र्याची तळहाताएवढी चकती साहेबांना विचारून घेतली आहे. रविवारी उद्यमनगरात स्टँडच्या पायाला वेल्ड करून घेणार. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडून ठेवायच्या, वेल्डिंगच्या करंटचा भरवसा नाही.

शेजारचा पोरगा काल सेकंडहँड स्प्लेंडर घेऊन आला. म्हणाला, "दादा, पुंगळी काढून द्या की." मी त्याच्या हातात टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरींचा तपासणीचा बल्ब, दिला, एक टोक बॅटरीच्या प्लसला अडकवलं आणि सांगितलं, आधी मला अर्थ शोधून दाखव. त्यानं एक क्षणही विचार न करता टोक काळ्या वायरीला लावलं. चावी लावलेलीच होती. दिवा पेटला नाही.

"बल्ब गेलाय दादा," तो म्हणाला.