रत्नागिरी, पण कोणती?

वडिलांच्या वर्षश्राद्धाला भाऊ पाटावर बसला होता आणि गुरुजी एकेक पिढी विचारत होते. आजोबा झाले, पणजोबा झाले. मग बायकांची पाळी आली. आजीचं नाव सांगितलं. 'पणजी?' भावाने माझ्याकडे पाहिलं, मी काकूकडे, काकूने भिंतीकडे. गुरुजींना अशी घरं रोजची असावीत. त्यांनी काहीतरी म्हणून वेळ मारून नेली आणि पुढचा पिंड ठेवला. मला मात्र ते लागलं. घराण्याचा शोध वगैरे मोठं काही डोक्यात नव्हतं. एका बाईचं नाव हवं होतं, बस.

गाव कुठलं, हे आम्हाला ठाऊक आहे असं आम्ही समजत होतो. आजी नेहमी सांगायची, 'आपला देव रत्नागिरीचा.' आजोबांचं भावकीशी बिनसल्यापासून गावाला कुणी गेलं नव्हतं. तेव्हा आपण कोकणातले, एवढ्यावर आमची दोन पिढ्यांची समजूत भागली. मी कोकण रेल्वेचं वेळापत्रक उघडून बसले होते. तिकीट काढण्याआधी आत्याला सहज फोन केला म्हणून वाचले.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. आधी हसली आणि मग खोकली. "अगं, रत्नागिरी म्हणजे जोतिबा! वाडी रत्नागिरी. कोल्हापूरच्या वर डोंगरावर." म्हणजे देव्हाऱ्यातल्या टाकावरचा घोड्यावर बसलेला देव, ज्याला आम्ही इतकी वर्षं खंडोबा समजून हळद वाहत होतो, तो जोतिबा निघाला. कोकण तिथेच संपलं.

पण जोतिबा कुलदैवत असलेली घरं काय थोडी आहेत? गाव त्यावरून कळेना. मग मी एका रविवारी आत्याकडे गेले, फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं आणि प्रश्न विचारायचे सोडून तिच्याबरोबर शेंगा निवडत बसले. दोन तासांत कामाची वाक्यं तीनच निघाली. एक, गावाशेजारी नदी होती आणि नदीपलीकडे गेलं की 'महाराजांचा मुलूख' लागायचा. दोन, नागपंचमीला तिच्या आईला माहेरची आठवण यायची, कारण तिकडे जिवंत नाग पूजायचे. तीन, मुंबईत आपल्या गावकऱ्यांची एक खोली होती. आजोबा गिरणीत बदली कामगार म्हणून लागले तेव्हा तिथेच वळकटी टाकून झोपायचे.

नदीपलीकडे कोल्हापूर संस्थान आणि अलीकडे इंग्रजी मुलूख, शिवाय शेजारी नागपंचमीचं शिराळा. म्हणजे ती नदी वारणाच. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावर 'पेटा शिराळे, ता. वाळवे, जि. सातारा' असं लिहिलेलं मी शंभर वेळा वाचलं असेन. सातारा म्हणजे सातारा, असं समजून पुढे गेले होते. आता उलगडलं. शिराळा तेव्हा वाळवे तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटतालुका होता आणि सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचंच नाव सांगली पडलं. आत्याच्या चुलतभावाच्या दाखल्यावर 'जि. द. सातारा' आहे, त्यातल्या 'द.'चा अर्थ मी तोवर कुणाला विचारलाच नव्हता. जुने कागद शोधणाऱ्याने आजच्या जिल्ह्यावर विसंबू नये. गाव जागेवरच राहतं, जिल्हे मात्र बदलतात. (त्याच दाखल्यावर आजोबांची जन्मतारीख १ जून आहे. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, ही मास्तरांची कृपा.)

गावकऱ्यांच्या खोलीचा माग काढायला महिना गेला. चाळ पाडून टॉवर झाला होता, पण ग्रामस्थ मंडळ जिवंत होतं. मंडळाच्या सेक्रेटरींनी वर्गणीच्या जुन्या वह्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. एका वहीत आजोबांचं नाव, पुढे आठ आणे. गावाला जाण्याआधी गाव सापडलं ते असं, परळमध्ये.

आता इथून पुढे मी जी चूक केली ती सांगते.

पहिल्या खेपेला मी एकटी गेले. तयारी जय्यत होती. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून आमच्या आडनावाचे सगळे खाते क्रमांक उतरवून घेतले होते, सातबाऱ्यांच्या प्रिंट काढल्या होत्या आणि फाईल केली होती. महालक्ष्मी एक्सप्रेसने कराड, तिथून कोकरूडकडची एसटी, पुढे वडाप जीप. गावात पोहोचले, चावडीशेजारी एका चुलत घरात बसले, चहा आला. मी फाईल उघडली आणि विचारलं, "हा गट नंबर आपल्यातल्या कुणाच्या नावावर आहे?"

चहा देणारी वहिनी आत गेली ती बाहेर आलीच नाही. त्या घरच्या दादांनी कप खाली ठेवला. "कशाला पाहिजे?" मी म्हटलं, वंशावळ. ते म्हणाले, "कुणबी दाखल्याला?" मी नाही म्हटलं. हे उत्तर तर आणखी वाईट ठरलं. कारण २०२३ पासून गावोगाव जुन्या नोंदी शोधायचं काम चालू आहे, जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं बाहेर निघाली आहेत, स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली आहेत. वंशावळ म्हटलं की लोकांना दाखला समजतो. दाखला नको तर मग ही मुंबईची बाई सातबारा घेऊन कशाला आली? हिश्श्याला! मी त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत फिरले. दुसरा चहा मिळाला नाही.

दुसऱ्या खेपेला आत्याला घेऊन गेले. तिला एसटी फुकट, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना असते तशी, आणि मला बायकांचं अर्धं तिकीट. कराडपासून ती खिडकीशी बसली होती. फाईल पिशवीच्या तळाशी साडीखाली दडवली होती. वेळही विचार करून काढली. पावसाळ्यात त्या भागात भातलावणी, कुणाला बोलायला सवड नसते. दिवाळीत माणसं भेटतात पण कचेऱ्या बंद असतात. मार्चअखेर तर विचारूच नये. म्हणून चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेआधीचे कामाचे तीन दिवस धरले. मुंबईकर गावाला यायला लागलेले असतात आणि कचेऱ्याही चालू असतात. तलाठ्याकडे एकापेक्षा जास्त गावं असतात, कुठल्या वारी कुठे बसतात ते फोनवर आधी विचारून घेतलं. कागदावर ते आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालेत, गावात अजून भाऊसाहेबच आहेत.

गावात शिरल्यावर आम्ही कुणाच्या घरी न जाता आधी देवळात गेलो. आत्याने ओटी भरली आणि पायरीवर बसून राहिली. दहा मिनिटांत एक म्हातारी काठी टेकत आली. "कुनाची गं तू?" आत्याने बापाचं नाव सांगितलं नाही, माझ्या आजीच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. ती म्हातारी मटकन खाली बसली आणि पुढचा तासभर मला त्या दोघींनी विचारलंच नाही. कोण कुणाला दिली, कुणाचा पाळणा हलला नाही, कुणाच्या विहिरीत कोण पडली. फाईलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

दादांच्या घरी रात्री जेवायला होतो. जमिनीचं आम्ही काढलं नाही, त्यांनीच काढलं. "पणजीचं नाव पाहिजे न्हवं? मग फेरफार बघा. वारसाची नोंद असंल."

इथे थोडं खोलात सांगते, कारण हाच भाग सगळ्यात उपयोगाचा ठरला. सातबारा आजची स्थिती दाखवतो. घराण्याचा इतिहास त्यात नसतो, तो असतो गाव नमुना सहामध्ये, फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदवहीत. खातेदार मेला की वारसांची नोंद होते आणि त्यात बायको-मुलं नावानिशी येतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली बहुधा गाळलेल्या असतात, विधवा मात्र सापडते. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं असलं, म्हणजे अज्ञान पालन करणारी, तर त्या आईचंही नाव मिळतं. अडचण एवढीच की आमच्याकडचे नंबर गटाचे होते. जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट पडले, आणि पणजोबांच्या काळचा फेरफार गटावरून सापडणार नाही. जुना सर्व्हे नंबर लागणार. तो दादांना ठाऊक नव्हता, पण शेताचं नाव ठाऊक होतं. नावावरून त्यांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि त्यातून दुमडून चौथा झालेला एक उतारा काढला. त्यावर सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा, दोन्ही.

तालुक्याला अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. आडनावाने शोधून उपयोग झाला नसता, हे तिथे कळलं. त्या रजिस्टरात आमचं आडनावच नाही. सगळे 'अमुक बिन तमुक', तमक्याचा मुलगा अमका. बाई असेल तर 'अमकी कोम तमका', तमक्याची बायको. आडनाव पुढे कधीतरी शाळेत चिकटलं असणार. मी 'बिन'ला चक्क मधलं नाव समजून वाचत होते, तिथल्या एका वयस्क कर्मचाऱ्याने हसून दुरुस्त केलं.

नोंद बाळबोधमध्ये, म्हणजे आजच्या देवनागरीत नव्हती, मोडी लिपीत होती. आधी आडवी रेघ पानभर ओढलेली आणि खाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं, ओळीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखी. शाई विटकरी झालेली. उजवा कोपरा कशानेतरी कुरतडलेला. मला त्यातले आकडे तेवढे वाचता आले. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक मिळाले, पानामागे पैसे घेतात. त्यांनी भिंग लावलं आणि बोट सरकवत वाचलं: खातेदार मयत, मुलगे दोन अज्ञान, पालन करणार आई, आणि मग तिचं नाव, पुढे 'कोम'. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यांनी पहिलं अक्षर 'रा' वाचलं होतं, मग थांबले, त्याच पानावरचा दुसरा 'रा' शोधून ताडून पाहिला आणि म्हणाले, "नाही, हा 'ग' आहे." ते थांबले नसते तर मी आयुष्यभर दुसऱ्याच बाईला पाणी सोडलं असतं.

नाव इथे लिहीत नाही. ते भावकीचं आहे आणि भावकीत जमीन अजून सामाईक आहे.

आत्याला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. नाव दोनदा उच्चारून बघितलं, नवीन दागिना कानाला लावून बघावा तसं. मग म्हणाली, "दोन पोरं घेऊन राहिली म्हणजे." पणजोबांनंतर ती किती वर्षं जगली, कुठे वारली, ते अजून सापडायचंय. मृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदाला असतात, तेही मोडीच. त्यासाठी आणखी एक खेप होईल.

गेल्या माघात दादांचा फोन आला. "हेळवी आलाय. येतीस का?" सुगी आटोपली की बेळगावकडचे हेळवी आमच्या भागात फिरतात. घराण्याच्या वह्या त्यांच्याकडे असतात, त्या वाचून दाखवतात आणि धान्य, कपडा, पैसा घेतात. मी पोहोचले तेव्हा ते अंगणात घोंगडीवर वही उघडून बसले होते. सुरात वाचायला लागले आणि सात पिढ्या थांबले नाहीत. सगळे पुरुष. फेरफारातले ते दोन्ही अज्ञान भाऊ त्यात होते, पण थोरला-धाकटा उलटे. मी कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि वहीच खरी असल्यासारखं पुढे वाचलं. मी वाद घातला नाही. दोन्ही टिपून ठेवलंय.

शेवटी नवीन नावं चढवायची वेळ आली. वडिलांच्या खाली भावाचं नाव लिहिलं, त्याच्या मुलाचं लिहिलं, आणि पेनचं टोपण लावलं. मी म्हटलं, "आणि मी?"

हेळव्यांनी दादांकडे बघितलं. "लेकी लिवत न्हाई आमी."

दादा धान्याच्या पोत्याशी उभे होते. "पायलीभर ज्यास्त घ्या," ते म्हणाले, "पर लिवा. आन् तिच्या पणजीचं बी लिवा."

टोपण परत निघालं.