मागच्या दाराचं सेंट्रल लॉक बदलताना

रिमोटचं बटण दाबलं की चारही दारांतून एकदम 'खट्' असा आवाज यायला हवा. आमच्या गाडीची तीन दारं खट् करायची आणि मागचं डावं दार नुसतं घुरघुरायचं. कधी लॉक व्हायचं, कधी नाही. लॉक झालंच तर उघडायच्या वेळी अडून बसायचं, मग पुढच्या सीटवरून मागे वाकून आतली खिटी हातानं सरकवायची. गाडी उन्हात तापलेली असली की हा खेळ हमखास. घरच्यांनी त्याच्याशी जुळवूनही घेतलं होतं. "त्या दारानं नको गं, इकडून उतर" हे रोजचंच झालं होतं.

मला खुपत होतं ते वेगळंच. त्या बाजूला मुलगी बसते, म्हणून दाराला चाइल्ड लॉक लावलेलं असतं. म्हणजे आतलं हँडल ओढून दार उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. त्यात सेंट्रल लॉक अडकलं की बाहेरचं हँडलही निकामी. घाईत कुणाला बाहेर काढायची वेळ आली तर ते दार जवळपास भिंतच. शिवाय लॉक कायमचं बंद अवस्थेत अडकलं तर दुरुस्तीही अवघड होते, कारण लॅचचे, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या कडीचे, स्क्रू दाराच्या कडेला असतात आणि दार मिटलेलं असताना ती कड दिसतच नाही. अधूनमधून का होईना, दार उघडतंय तोवर हात घालायचा, असं ठरवलं.

चारही दारं एकदम गेली असती तर आधी फ्यूज, रिले वगैरे पाहिलं असतं. एकच दार बिघडलं की संशय दोनच ठिकाणी: दारातला ऍक्च्युएटर, म्हणजे लॉक सरकवणारी छोटी मोटर आणि तिची चाकं, नाहीतर दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी. दार उघडता-मिटताना त्या वायरी नेमक्या तिथे वाकतात आणि वरचं आवरण शाबूत असताना आतली तार तुटते. आमच्या दारातून आवाज येत होता, म्हणजे मोटरला करंट पोचत होता. तरी नवा भाग मागवण्याआधी खात्री हवी होती, आणि त्यासाठी दाराचं आतल्या बाजूचं आवरण, म्हणजे पॅड, काढणं भाग होतं.

पॅड काढायला ताकद लागत नाही, शोधाशोध लागते. एक स्क्रू आतल्या हँडलच्या मागे, छोट्या झाकणाखाली. दुसरा दार ओढायच्या खाचेत, तोही झाकणाखाली. बाकी कडेनं प्लास्टिकच्या क्लिपा. त्या लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटल्या तर रंगाला ओरखडे पडतात आणि क्लिपा तुटतात, म्हणून प्लास्टिकची चपटी पट्टी वापरली. क्लिपच्या अगदी जवळ पट्टी सरकवून झटका दिला की 'टक्' करून सुटते. शेवटी पॅड वर उचलून काचेच्या खाचेतून सोडवायचं, पण एकदम बाजूला न्यायचं नाही. मागे काचेच्या बटणाची वायर आणि हँडलची केबल जोडलेली असते. काच आधीच पूर्ण वर करून ठेवली होती, कारण ती खाली असली तर नेमकी लॅचच्या आड येते.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, काळ्या चिकट लगद्यानं चिकटवलेला. तो फाडून टाकायचा मोह होतो. अजिबात फाडायचा नाही. काचेवरून दारात उतरणारं पाणी गाडीत येऊ न देण्याचं काम तोच करतो. मी लगदा हळूहळू ताणत पडद्याचा मागचा कोपरा तेवढा सोडवला आणि टेपनं बाजूला लावून ठेवला.

आता तपासणी. माझ्या गाडीत लॅच आणि ऍक्च्युएटर एकाच डब्यात आहेत. कनेक्टरमध्ये बऱ्याच वायरी, कारण दार उघडं आहे की मिटलेलं, लॉक आहे की नाही, हे सांगणारे स्विचही त्याच डब्यात असतात. मोटरच्या वायरी दोन. एका दिशेनं करंट गेला की लॉक, उलट दिशेनं गेला की अनलॉक. पण हा करंट सेकंदभरसुद्धा टिकत नाही, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरचे आकडे स्थिर व्हायच्या आतच सगळं संपतं. तिथे बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प कामाला येतो. त्याची दोन टोकं त्या दोन वायरींना लावली आणि बायकोला हाक मारली. "दाबू?" "दाब." दिवा लख्ख लुकलुकला. अनलॉकलाही तसाच. वायरिंग ठणठणीत, दोष डब्यात, हे पक्कं झालं.

नवा भाग मागवताना चासी नंबर दिला. डावा-उजवा, पुढचा-मागचा असे चारही भाग वेगळे असतात, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत कनेक्टर बदललेला असू शकतो. जुन्या भागावरचा नंबरही फोटो काढून पाठवला. भाग येईपर्यंत पॅड दोन स्क्रूंवर तात्पुरतं बसवून गाडी चालवली.

बदलायच्या दिवशी आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलं. काही गाड्यांत पुढच्या दारांमध्ये साइड एअरबॅगसाठी सेन्सर असतात. माझ्या मागच्या दारात तसं काही नव्हतं, तरी ही सवय सोडू नये असं माझं मत. हातमोजेही हवेतच, दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात.

खरी झटापट कडेच्या तीन टॉर्क्स स्क्रूंशी, म्हणजे डोक्यात चांदणीसारखी खाच असलेल्या स्क्रूंशी. कारखान्यातच त्यांच्या आट्यांना घट्ट धरणारा द्रव लावलेला असतो, आणि डोकं पत्र्यात बुडालेलं. बिट अर्धवट बसवून फिरवला की डोकं गोल होतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. म्हणून टी-३० चा चांगला बिट घेतला, स्क्रूच्या खाचेतली धूळ टोकदार तारेनं काढली, बिटावर हातोडीचे दोन ठोके दिले आणि अंगाचा भार देऊन लांब दांड्याच्या पान्यानं फिरवला. प्रत्येक स्क्रू 'कट्' करून सुटला.

बाहेरच्या हँडलकडून एक सळई लॅचपर्यंत येते आणि प्लास्टिकच्या छोट्या क्लिपमध्ये अडकते. ती नुसती ओढायची नाही. आधी क्लिप सळईवरून फिरवून बाजूला करायची, मग सळई सरळ बाहेर येते. क्लिप जुनी आणि कडक झालेली, त्यामुळे हे नाजूकपणे करावं लागलं. सळईवर लांबी जुळवायचा आटा होता, त्याची जागा मार्करनं खूण करून ठेवली. काच जिच्यातून वर-खाली सरकते त्या मागच्या पट्टीचा खालचा बोल्ट ढिला करून पट्टी जराशी सरकवली, तेव्हा कुठे तो डबा बाहेर येण्याइतकी वाट झाली. हे सगळं एका हातानं, आत न दिसता. डोळे बांधून सुईत दोरा ओवण्यासारखं. दर पायरीला मोबाइलनं आतला फोटो काढत गेलो, नवा भाग बसवताना तेच फोटो नकाशासारखे वापरले.

जुना डबा टेबलावर उघडून पाहिला. मोटर बॅटरीला जोडताच भन्नाट फिरली, तिला काही झालेलं नव्हतं. तिच्या दांड्यावरच्या वर्मनं, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरनं, फिरणारं पांढरं प्लास्टिकचं चाक मात्र एका बाजूनं खाल्लेलं होतं. तीन-चार दात पार सपाट, आणि भोवतीच्या ग्रीसमध्ये पांढरा चुरा. मोटर फिरायची, चाक त्या जागी आलं की घसरायचं. घुरघुर होती ती हीच. नखाएवढ्या दातांसाठी अख्खा डबा बदलायचा, कारण ते चाक सुटं मिळत नाही. राग येण्यासारखीच गोष्ट आहे.

बसवताना तिन्ही स्क्रू आधी हातानं दोन-दोन आटे लावले, मग आवळले. एकच पूर्ण आवळला की बाकीच्यांची भोकं जुळत नाहीत. सळई, केबल, कनेक्टर जोडले, बॅटरी लावली. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं काम: दार न मिटता तपासणी. काही चुकलेलं असताना दार मिटलं तर ते पुन्हा उघडणारच नाही. दार उघडंच ठेवून लॅचचा आकडा, म्हणजे हुक, स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचा. एक 'टिक', दुसरा 'टिक', की लॅचला वाटतं दार मिटलं. आतला दिवाही विझला, म्हणजे स्विचही काम करत होता. माझी गाडी दार उघडं असताना रिमोटनं लॉक होत नाही, त्यासाठीही ही युक्ती लागलीच. लॉक केलं, बाहेरचं हँडल ओढलं: आकडा जागचा हलला नाही. अनलॉक केलं, ओढलं: सुटला. चाइल्ड लॉक लावून आतलं हँडल ओढलं: नाही सुटला. चाइल्ड लॉक काढून ओढलं: सुटला. हे सगळं पुन्हा पुन्हा करून मगच दार मिटलं.

पडदा जुन्याच लगद्यावर दाबत चिकटवला, एका कोपऱ्यात तो सुकला होता तिथे ब्युटाइल रबराची चिकट टेप लावली. पॅड बसवायच्या आधी काचेच्या पट्टीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते दाराच्या तळाच्या भोकांतून खाली ठिबकलं, पडद्याच्या अलीकडे ओल नव्हती. मग पॅड लावलं. दोन क्लिपा तुटल्या होत्या, त्या नव्या घातल्या, नाहीतर खराब रस्त्यावर पॅड खडखडत राहतं. बॅटरी काढल्यामुळे ड्रायव्हरच्या काचेचं एका बोटाच्या दाबानं वर-खाली होणं बंद पडलं होतं. बटण धरून काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर, आणि वर गेल्यावर बटण थोडा वेळ दाबून ठेवलं. तेही सुरू झालं.