आमची वाटचाल : गादी, फॉर्म आणि रात्रपाळी

आमच्या माहितीपत्रकावर हसरा पेशंट नाही, डोंगर नाही, सूर्योदय नाही. एका नीट अंथरलेल्या रिकाम्या पलंगाचा फोटो आहे. त्यावरून बोलणी खूप खाल्ली. छपाईवाल्यानेही पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की हाच लावायचा ना? हाच. कारण आमचं कॅन्सरच्या पेशंटने आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्यांनी थोडे दिवस येऊन राहायचं विसाव्याचं ठिकाण आहे. आम्ही झोप विकतो, आणि तीही पेशंटच्या उशाशी बसणाऱ्याची.

धंद्यातल्या लोकांना हे समजावायला नको. पेशंट येतो फाइल काखेत मारून, केमोची एखादी सायकल, म्हणजे औषधाची एक फेरी, संपवून. त्याच्या मागून बायको, नवरा, मुलगी किंवा भाऊ येतो, ज्याला कित्येक महिन्यांत सलग झोप मिळालेली नाही. डेक्सामेथासोन हे केमोबरोबरचं स्टेरॉइड चालू असलं की पेशंट रात्रभर टक्क जागा. दुखण्यावरची मॉर्फिनची साधी गोळी असेल तर दर चार तासांनी गजर. आणि या सगळ्यांच्या मागे एखादं धडधाकट मूल, ज्याला शाळेत काय झालं हे बरेच दिवस कोणी विचारलेलं नसतं.

आम्ही आल्या आल्या सांभाळणाऱ्याकडून झारिट यांची, त्याच्यावरचा ताण मोजणारी 22 प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतो. 1980 साली ती निघाली, तेव्हा 29 प्रश्नांची, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी, पण आमच्याकडेही चालते. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 88. पहिल्या दिवशी बहुतेक जण सपशेल खोटं भरतात. रुग्णाचा राग येतो का? शून्य. दोन रात्री झोप झाली की आमच्या सिस्टर तोच कोरा कागद पुन्हा पुढे करतात. मग खरे आकडे येतात.

या सिस्टर म्हणजे माझ्या भागीदार. कॅन्सर वॉर्डात नोकरीची सगळी वर्षं काढून निवृत्त झालेल्या. नाव छापलेलं त्यांना चालत नाही, म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे जागा होती आणि लॉज चालवल्याचा अनुभव होता. मी मोठ्या हौसेने बाग दाखवायला नेलं, तर या बागेकडे न बघता थेट संडासाकडे गेल्या. पर्समधून टेप काढून दाराची रुंदी मोजली आणि म्हणाल्या, "खुर्ची आत जाणार नाही. भिंत फोडा." फोडली. मग किल्ली फिरवून पाठ वर-खाली करता येणारे पलंग घेतले, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे दोन कॉन्सन्ट्रेटर घेतले, आणि वीज गेली तर ते किती वेळ चालतील याची चाचणी त्यांनी मला मध्यरात्री मेन स्विच पाडून करायला लावली.

हवेच्या गादीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण ती जवळजवळ सगळीकडे चुकीची वापरलेली दिसते. पट्ट्यापट्ट्यांची गादी, पंप पायथ्याला अडकवलेला, काही मिनिटांनी एक पट्टी फुगते आणि शेजारची बसते. यात पाठीवरचा दाब फिरता राहतो, म्हणून जखमा कमी. पण लोक वरून चादर अशी ताणून खोचतात की पेशंट झोळीत टांगल्यासारखा चादरीवरच राहतो आणि गादी खाली एकटीच फुगत बसते. चादर सैल हवी. वर जाड गोधड्या, प्लॅस्टिक, असलं काही नको. पेशंट झोपल्यावर त्याच्या माकडहाडाखाली, गादीच्या तळाशी हात सरकवून बघायचं. इंचभर हवा मधे लागली नाही तर गादी असून नसल्यासारखी. पलंगाची पाठ वर करताना पंपाची नळी सांध्यात चिमटते, तीही बघायची. आणि कूस बदलायची ती बदलायचीच, गादी आहे म्हणून सुट्टी नाही. पंपाची घरघर लाकडी पलंगात दुप्पट होते, त्याला सिस्टरनी मागे नमद्याचा तुकडा लावला. सांभाळणाऱ्याची खोली शेजारीच असते, म्हणून एवढा खटाटोप.

दुसरी वस्तू भिंतीवरचा तक्ता. बुकिंग आलं की आम्ही तारीख द्यायच्या आधी शेवटच्या केमोची तारीख विचारतो. बऱ्याच औषधांत सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. ते दिवस तक्त्यावर लाल. लाल दिवसांत कितीही गळ घातली तरी आम्ही घेत नाही. केमोनंतरचे पहिले 48 तास पिवळे, कारण तेव्हा लघवी-उलटीतून औषध बाहेर पडत असतं आणि सफाईवाल्या माणसाला हातमोजे लागतात. या तक्त्यामुळे आमची गिऱ्हाइकं गेलीही आहेत. "पैसे देऊन वर तारीख तुमची?" असं तोंडावर ऐकलं आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. आमचं बस्तान बसत होतं तेव्हा जवळच एका बड्या रिसॉर्टवाल्यांनी 'कॅन्सर कुटुंब विसावा' काढला. नाव मी घेणार नाही, धंद्यातले ओळखतील. कारंजं, संगीत, सकारात्मक विचारांचं शिबिर, आणि वर 'डिटॉक्स'. सायकलच्या मधोमध असलेल्या माणसाला वाफेच्या पेटीत बसवायचं! दर आमच्यापेक्षा कमी, कारण रात्रपाळीला नर्सच नव्हती. रिसेप्शनवरचा मुलगा होता. आमच्या रात्रीच्या दोन मुली त्यांनी जास्त पगारावर नेल्या आणि दिवसा ब्रोशर वाटायला उभ्या केल्या. ज्या रुग्णालयाचा समाजसेवा विभाग आमच्याकडे कुटुंबं पाठवायचा, तिथून चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या. एक हंगाम अख्खा कोरडा गेला. बँकेचे हप्ते थकले, कॉन्सन्ट्रेटर विकायला काढला, गिऱ्हाईक बघून गेलं. सिस्टरनी फंडातले पैसे आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि रात्रपाळी स्वतः धरली. त्या वयात. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "तुम्ही पावती करा."

आणि तो फॉर्म! आमचा प्रवेश-फॉर्म सिस्टरनी वर्षभर खोडून-लिहून तयार केला होता: पोर्ट आहे की पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेल्या नळ्या), शेवटचे काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आकडे), प्लेटलेट, पोट कधी साफ झालं, रात्री कोण उठतं. रिसॉर्टवाल्यांनी तो जसाच्या तसा छापला. 'प्रकृती' ऐवजी 'प्रकृर्ती' छापलं गेलं होतं, तेही तसंच. फक्त केमोच्या तारखेचा रकाना उडवला, कारण तो बुकिंगच्या आड येतो. पण तळाला बारीक अक्षरात 'रात्री अडचण आल्यास' म्हणून एक नंबर होता, तो काढायचा राहिला. तो सिस्टरचा.

त्यामुळे एका रात्री फोन वाजला तो त्यांच्याकडे. "तुमच्याकडेच राहिलोय, बाबांना थंडी वाजतेय, रिसेप्शनवाले म्हणतात तापाची गोळी देतो." आमच्याकडे त्या रात्री कोणीच नव्हतं. सिस्टरनी केमो कधी झाली ते विचारलं. दहावा दिवस. ताप मोजायला सांगितला. 101. काउंट पडलेल्या माणसाला 100.4 फॅरनहाइट म्हणजे इमर्जन्सी. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गोळीने ताप उतरला तर उलट घरचे गाफील राहतात. सिस्टरनी गाडी काढायला लावली, रुग्णालयाला पुढे फोन केला आणि पोचेपर्यंत त्या मुलाशी बोलत राहिल्या. बाबा वाचले. काउंट 500च्या खाली निघाले होते.

तो मुलगा पुढे समाजसेवा विभागात दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून आला. चिठ्ठ्या पुन्हा यायला लागल्या. 'गैरसमज झाला होता' एवढं मात्र आजपर्यंत तिथल्या कोणी म्हटलेलं नाही. कॉन्सन्ट्रेटर विकला गेला नाही, सिस्टरचे पैसे व्याजासकट परत केले, आणि नंतरची वर्षं नीट गेली.

रिसॉर्टवाल्यांच्या पत्रकावर अजून 'या संकल्पनेचे जनक' असं छापलेलं असतं. आम्हीही जनक नाही. 1982 साली ऑक्सफर्डला सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी हेलन हाउस हे मुलांचं हॉस्पिस उघडलं; मेंदूतल्या गाठीमुळे परावलंबी झालेल्या हेलन या छोट्या मुलीला त्या अधूनमधून सांभाळायच्या, तिच्या आईवडिलांना उसंत मिळावी म्हणून, त्यातून ते निघालं. 1988 साली पॉल न्यूमन या नटाने कनेटिकटमध्ये आजारी मुलांसाठी शिबिर काढलं. जनक व्हायची हौस असलेल्यांनी निदान एवढं वाचावं. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी बागेचा खर्च सगळ्यात शेवटी धरावा आणि रात्रीच्या नर्सचा पगार सगळ्यात आधी, हेही जाता जाता सांगतो.

अलीकडे त्याच रिसॉर्टवाल्यांचं पत्र आलं: आमच्या स्टाफला प्रशिक्षण द्याल का? मी पत्र केराच्या टोपलीत टाकलं. सिस्टरनी काढून सरळ केलं. म्हणाल्या, "तिथे येणारे पेशंट आपलेच आहेत. शिकवू. फी आगाऊ घ्या."

अर्धी आली आहे. उरलेल्या अर्धीसाठी मी स्मरणपत्र धाडलं, त्याची पोच मिळाली, पैसे अजून नाहीत.