तुम्ही विचारलंत म्हणून: “एवढे पेपर, म्हणजे माणूस मोठा ना?”

नात्यात, ओळखीत कुणाला कर्करोग झाला की मला फोन येतो. मी इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारांच्या, लॅबमध्ये काम करते, एवढंच त्यांना ठाऊक असतं. आजाराबद्दल बोलून झालं की कुणीतरी नेटवर सापडलेलं एका संशोधकाचं नाव वाचून दाखवतं. “यांचे तीनशे संशोधन-पेपर आहेत, एच-इंडेक्स ऐंशी. म्हणजे माणूस मोठा ना?” ती माणसं धीर शोधत असतात, म्हणून मला हा प्रश्न झटकून टाकवत नाही.

ऐंशी एच-इंडेक्स म्हणजे त्या माणसाच्या किमान ऐंशी पेपरांचा संदर्भ इतरांनी प्रत्येकी ऐंशी किंवा जास्त वेळा दिलेला आहे. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये हे माप सुचवलं. ते कधी खाली येत नाही, वर्षं सरतील तसं फक्त वाढूच शकतं. आणि ज्यानं तीनच पेपर लिहिले, त्यांचा जगानं हजारो वेळा संदर्भ दिला तरी त्याचा इंडेक्स तीनच. ऐंशी हा आकडा मिळवायला कष्ट लागतात, यात वाद नाही. पण त्यातलं काम कुणाचं, हे तो सांगत नाही. आमच्याकडे पेपरवर पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं असतं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. मधल्या नावांमध्ये वर्षभर राबलेलाही असतो आणि नमुने पाठवणाराही.

मला जपानी संशोधक तासुकू होन्जोंचं उदाहरण द्यावंसं वाटतं. त्यांच्या क्योतोमधल्या लॅबला १९९२ मध्ये पीडी-१ हे जनुक सापडलं. शोध चालला होता पेशी मरतात कशा याचा. कर्करोगावरच्या औषधाचा तिथे विषय नव्हता. पुढे हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटली, तेव्हा कळलं की हा टी पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, ब्रेक आहे. तो ब्रेक सोडवणारी औषधं रुग्णांसाठी मंजूर झाली २०१४ मध्ये. बावीस वर्षं! मधल्या काळात नुसते आकडे पाहून या कामाचं मोल कुणाला ओळखता आलं असतं, असं मला वाटत नाही.

अमेरिकन संशोधक जेम्स अॅलिसन यांच्या लॅबमध्ये सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवरचा पहिला प्रयोग झाला १९९४ च्या अखेरीस. उंदरांच्या गाठी विरघळल्या, आणि त्यांनी नाताळच्या सुटीतच तो प्रयोग पुन्हा केला. २०१८ चं नोबेल या दोघांना मिळालं. मला त्यात सगळ्यात प्रिय आहे ते ‘पुन्हा केला’ हेच.

कारण मी स्वतः कॅलिपर, म्हणजे गाठ मोजायचा चिमटा, हातात धरून बसलेली आहे. उंदीर मुठीत, गाठीची लांबी, मग रुंदी, मिलिमीटरमध्ये. कुठल्या पिंजऱ्याला औषध दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत नसायला हवं. एकदा पहिल्या फेरीत गाठी छान आक्रसल्या. दुसऱ्या फेरीत काहीच नाही, तिसऱ्या फेरीतही नाही. तो निकाल आम्ही छापला. माझ्या पेपरांत त्याचा संदर्भ सगळ्यात कमी वेळा दिला गेलाय. पण तो वाचून कुणाची दोन वर्षं वाचली असतील, तर त्याची नोंद कुठल्याच इंडेक्सात होत नाही.

उलटही घडतं. एपाकॅडोस्टॅट हे कर्करोगावरचं औषध ज्या मार्गानं काम करतं त्यावर ढिगानं पेपर निघाले होते, आशाही मोठी होती. २०१८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांवरची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल फसली. पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ चा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाला त्याची जोड देऊन काही जास्त फायदा झाला नाही. त्या पेपरांचे संदर्भ मात्र मोजणीत तसेच राहिले.

म्हणून मी फोनवर सांगते, त्या माणसाचे शेवटचे दोन-तीन पेपर उघडा. रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, आहेत की स्वतः केलेलं काम? ट्रायल असेल तर तुमच्याच प्रकारच्या कर्करोगाची आहे का, किती रुग्णांवर, कितींना गुण आला, दुष्परिणाम काय? दुसऱ्या कुणाला तोच निकाल मिळाला का? आणि चांगला संशोधक चांगला उपचार करणारा असेलच असं नाही. कित्येक जण तर डॉक्टरही नसतात.

मग विचारते, बायोप्सीचा रिपोर्ट जवळ आहे का? पीडी-एल१, म्हणजे तो पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रथिन, तपासलंय? एमएसआय, म्हणजे गाठीच्या डीएनएमधल्या चुकांची चाचणी? पलीकडे कागद उलटल्याचा आवाज येतो, आणि कुणीतरी एकेक अक्षर लावत मला वाचून दाखवायला लागतं.