२९ फेब्रुवारी आणि माझं अर्धं शहाणपण

बडोद्यात बत्तीस वर्षं सॉफ्टवेअरचं काम केलं. मकरपुऱ्यातल्या कारखान्यांचे पगार झाले, दुकानांची बिलं झाली, २०१७ मधली जीएसटीची धावपळही झाली. तरी ‘इतक्या वर्षांत काय शिकलात?’ असं कोणी विचारलं की मला रावपुऱ्यातली एक पतपेढीच आठवते.

१९९७ साल. डॉसवरचं फॉक्सप्रो, म्हणजे नोंदी ठेवायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर, आणि खरखरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. एक आजोबा तीन वर्षांची ठेव ठेवायला आले. पावतीवर मुदत संपण्याचं वर्ष छापून आलं ००, आणि व्याज उणे! वर्षाचे दोनच आकडे साठवल्याने २००० ला १९०० समजण्याचा घोळ, तो वायटूके. त्याचं नाव काढलं की लोकांना ३१ डिसेंबर १९९९ ची मध्यरात्र आठवते. आमच्याकडे तो तीन वर्षं आधीच ठेवीच्या खिडकीशी येऊन उभा होता.

दोष फॉक्सप्रोचा नव्हता. त्याच्या तारखेच्या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, वर्ष चार आकडीच साठतं. पण आधीच्या प्रोग्रामरने तारखा अक्षरांच्या फील्डमध्ये कोंबल्या होत्या, वर्षाला दोनच आकडे. फील्डचा प्रकार बदलायचा तर सगळे रिपोर्ट नव्याने लिहावे लागले असते. म्हणून मी फील्ड नुसतं लांबवलं आणि तारीख तपासणारा कोड हाताने दुरुस्त केला. (आळसच तो, दुसरं काय.) त्यात लीप वर्षासाठी फक्त ‘चारने भाग जातो का’ एवढंच पाहिलं होतं. मला शाळेतलं आठवलं: शतकाचं वर्ष लीप नसतं. दोन ओळी वाढवल्या आणि मनातल्या मनात त्या प्रोग्रामरला हसलो.

१ जानेवारी २००० सुखरूप गेला. सगळ्यांनी मिळून सेव उसळ खाल्ली.

२९ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी साडेदहाला, कॅशियरबेनचा फोन आला: “भाई, कॉम्प्युटर तारीख लेतुं नथी!” स्कूटर काढून पोहोचलो तर रांग जिन्यापर्यंत गेलेली, आणि हिशेबनीस काका रजिस्टर उघडून हाताने पावत्या फाडत बसलेले. ४०० ने भाग जाणारं शतक लीप असतं, हा नियमाचा पुढचा अर्धा भाग मी विसरलो होतो. जुना कोड होता तसा ठेवला असता तर त्या दिवशी काही बिघडलंच नसतं. माझ्या दोन ओळी पुसायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

काका मान वर न करता म्हणाले, “कालनिर्णय भिंतीवरच आहे. त्याला विचारायचंस.”

तेव्हापासून जुन्या कोडमधली ओळ वेडगळ वाटली तरी ती तशी का लिहिली असेल हे कळेपर्यंत मी तिला हात लावत नाही. आणि तारखा तपासताना लांबच्या मुदतीपासून सुरुवात करतो. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका पोराला वीस वर्षांचं गृहकर्ज टाकून बघायला सांगितलं. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारा जुना कोड होता, त्याची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते आणि तारीख उलटून मागच्या शतकात जाते.

पोरगा पडद्याकडे बघतच राहिला. “काका, शेवटचा हप्ता १९०९ चा आलाय. सयाजीराव महाराजांच्या वेळचा!”