दाखल्यावरचं नाव

मे 2021, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. सहारच्या एअर कार्गोत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची एक खेप उतरली होती. परदेशातल्या मराठी मंडळींनी वर्गणी काढून मराठवाड्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयासाठी पाठवलेली. क्लिअरन्सचं काम माझ्याकडे आलं. मी कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे आयातदारांच्या वतीने कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या फर्ममध्ये नोकरी करतो. जुनी माणसं आम्हाला अजून सीएचए (कस्टम हाउस एजंट) म्हणतात.

सवलतीची वाट मोकळी होती. ऑक्सिजनच्या उपकरणांवरचं मूळ सीमाशुल्क आणि आरोग्य अधिभार 24 एप्रिललाच माफ झाले होते. 3 मे रोजी मोफत आलेल्या मदतीवरचा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटीही माफ झाला. माल फुकट वाटायचा आणि राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याचा तसा दाखला जोडायचा, ही अट. दाखला मिळाला होता. इन्व्हॉइस, एअरवे बिल, देणगीपत्र, दाखला, सगळं डिजिटल सही करून ई-संचितवर (कागदपत्रं अपलोड करायची कस्टम्सची सोय) चढवलं, प्रत्येक कागदाचा क्रमांक बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रात घातला आणि आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवरून बिल दाखल केलं. घरात बसून.

पूर्वी हेच काम म्हणजे बगलेत फाईल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरणं. बिल तपासणारे अप्रेझर साहेब जागेवर आहेत का, इथपासून सुरुवात. ऑक्टोबर 2020 अखेर फेसलेस असेसमेंट देशभर लागू झालं आणि ते टेबलच दिसेनासं झालं. बिल मुंबईचं, तपासणारा अधिकारी कुठल्याही शहरातला. आमच्यातल्या अनेकांना हे पटलं नव्हतं. ओळखीच्या साहेबांना दोन शब्दांत समजावता येतं, अनोळखी माणसाला काय सांगणार?

संध्याकाळी क्वेरी आली. दाखला ट्रस्टच्या नावाने, इन्व्हॉइस रुग्णालयाच्या नावाने. ही संस्था एकच असल्याचा पुरावा द्या. वाचून पोटात गोळा आला, पण प्रश्न रास्त होता. करमाफीचा माल भलत्याच नावावर सुटला तर खऱ्या मदतीवरचाही विश्वास उडतो.

रुग्णालयाच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. ट्रस्टचं नोंदणीपत्र आणि हे रुग्णालय ट्रस्टच चालवतो असा विश्वस्तांचा ठराव, एवढं मागितलं. त्या वॉर्डातच होत्या. "दादा, फोटो पाठवला तर चालेल का? स्कॅनरची खोली बंद आहे." म्हटलं, "मॅडम, तुम्ही पाठवा, पुढचं मी बघतो." फोटो तसाच चढत नाही. पानं सरळ करून पीडीएफ केली, सही लावली, अपलोड केली. उत्तरात नोंदणीपत्रात आणि ठरावात कोणत्या परिच्छेदात काय लिहिलंय ते नेमकं दिलं. समोर बसून समजावता येत नसेल, तर कागदाने स्वतः बोललं पाहिजे. फेसलेसमधलं निम्मं कसब हेच आहे, आणि नव्या पोरांना मी आता तेच आधी शिकवतो.

त्याच रात्री बिल पास झालं. ते कोणी पास केलं, मला आजही माहीत नाही. त्या अधिकाऱ्याने मला पाहिलं नाही, माझ्या फर्मचं नाव किती जुनं हे विचारलं नाही. कागद वाचले आणि ठरवलं. ओळखीशिवाय न्याय मिळतो हे मी त्या रात्री पहिल्यांदा अनुभवलं.

सकाळी शेडमध्ये मात्र माणसंच लागली. तिथल्या अधिकाऱ्यांनी पीपीई घालून खोकी मोजली, काही उघडून यंत्रांवरचे क्रमांक पॅकिंग लिस्टशी ताडले. ते संगणक करू शकत नाही आणि करूही नये. मग आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायचा हुकूम. गेटपास ईमेलवर आला, मी ड्रायव्हरला पाठवला, गाडी भरली.

एक गोष्ट तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती संगरोध यांच्या परवानग्या 2016 पासून सिंगल विंडोत, म्हणजे कस्टम्सच्या एकत्रित ऑनलाइन प्रणालीत जोडल्या गेल्या. आमचा दाखला मात्र स्कॅन होऊन ईमेलने फिरत आला होता. आणीबाणीत राज्य सरकार दाखला देणार असेल, तर तो संस्थेच्या पॅनशी जोडून थेट प्रणालीत यावा. मग नाव ट्रस्टचं की रुग्णालयाचं, हे विचारायला रात्री वॉर्डातल्या डॉक्टरला फोन करावा लागणार नाही.