आधी घर, मग कातडी, मग केस: सुपारीच्या पिसवांचा माझा अनुभव

कुत्र्याचे केस किती गळतात यापेक्षा ते कुठले गळतात याकडे आधी बघावं. आमच्या सुपारीचे केस गळायला लागले ते जुलैत, पाऊस चांगला लागल्यावर. बिल्डिंगमधले सगळे म्हणत होते, पावसाळ्यात गळतातच. पण ते अंगभर गळत नव्हते. शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या शेवटच्या वीतभर भागात आणि मांड्यांच्या मागे विरळ झाले होते. मान, छाती, डोकं मात्र अगदी व्यवस्थित.

सुपारी गावठी. विक्रोळीत, कन्नमवार नगरात, आमच्याच जिन्याखाली जन्मलेली. अशा कुत्र्यांचे केस आखूड आणि अंगाला चापून बसलेले असतात, नुसता हात फिरवला तरी चमकतात. ती चमक गेली. केस कोरडे होऊन उभे राहायला लागले आणि पायांवर जिथे ती सतत चाटायची तिथला फिकट रंग तांबूस झाला. लाळेतल्या रंगद्रव्यामुळे असं होतं. रात्री दातांनी कुरतडल्याचा कट्कट् आवाज यायचा, तेव्हा तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी शेपटीच्या बुडाशी केस उलटे सारले. कातडीलगत बारीक काळे दाणे होते. मी म्हटलं, "मॅडम, खाली मातीत लोळते ती." त्यांनी ते दाणे ओल्या कापसावर झाडले आणि बोटाने दाबून धरले. थोड्या वेळाने प्रत्येक दाण्याभोवती तांबूस कडं पसरलं. मातीचा रंग असा पसरत नाही. ते सुपारीचंच रक्त होतं, पिसवांनी पिऊन, पचवून टाकलेलं. जिवंत पिसू मात्र एकही दिसली नाही. ज्या कुत्र्याला फार खाज येते ते पिसवा चावून गिळून टाकतं, त्यामुळे अंगावर काही दिसलं नाही म्हणजे पिसवा नाहीत, असं धरून चालत नाही. हा कापसाचा प्रयोग घरी कुणालाही करता येतो आणि तो मी सगळ्यांना आवर्जून सांगते.

तरी त्या तिथे थांबल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी सुपारीच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. खरजेचे किडे असले की असं चोळताच बरीच कुत्री मागचा पाय हलवून खाजवायला लागतात. सुपारी शांत उभी राहिली. खरूज बहुतेक वेळा कानाच्या कडा, कोपरं आणि पोटावर सुरू होते, पिसवांचा त्रास शेपटीकडे. मग त्यांनी चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली धरले आणि मलाही बघायला लावलं. टोकं तुटलेली होती. केस मुळातून सुटून गळत नव्हते, ती स्वतःच ते चावून तोडत होती. हार्मोनच्या बिघाडाने केस जातात तेव्हा टोकं सहसा अशी तुटलेली नसतात. कातडी खरवडून तीही तपासली, त्यात किडे सापडले नाहीत. खरजेचा किडा खरवडण्यात हमखास सापडतोच असं नाही, म्हणून बाकीच्या खुणा इतक्या बारकाईने बघायच्या असतात.

खरा त्रास होता ॲलर्जीचा. पिसू चावताना तिची लाळ कातडीत जाते आणि काही कुत्र्यांना तीच सोसत नाही. अशा कुत्र्याला मोजके चावे पुरतात. बिल्डिंगखाली राहणाऱ्या एखाद्या कुत्र्याच्या अंगावर पुष्कळ पिसवा असूनही त्याचे केस बरे का, आणि आमची रोज विंचरलेली सुपारी उघडी का पडली, हे मला तेव्हा उलगडलं. सतत खाजवून तिची कातडी जाड, काळपट, हत्तीच्या कातडीसारखी झाली होती आणि वर जंतुसंसर्ग होऊन खपल्या धरल्या होत्या. तिच्या अंगाला आंबूस वास यायचा, तो त्याचाच होता.

उपचार तसा सरळ होता. वजनाप्रमाणे फ्लुरालानरची गोळी, जिचा असर पिसवांवर बारा आठवडे राहतो. खाज थांबवायला काही दिवसांचं औषध. जंतुसंसर्गासाठी क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू. गोळी देण्याआधी त्यांनी विचारलं, हिला कधी फिट आली होती का? या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, म्हणून हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारला तर तुम्हीच काढा. शाम्पूचं सगळं गणित फेस करून दहा मिनिटं अंगावर ठेवण्यात आहे. आमच्या मोरीत सासूबाई उकडलेल्या रताळ्याचे तुकडे भरवत बसायच्या आणि मी घड्याळ बघत तिला धरून उभी असायची.

शेजारच्या काकूंनी मायेपोटी रॉकेलचा फडका फिरवायला सांगितलं होतं, आणखी कुणी फिनेलचं पाणी. कृपा करून हे कुणीही करू नका. कुत्रं अंग चाटतं आणि ते सगळं पोटात जातं, शिवाय सोललेली कातडी भाजते ती वेगळीच. कडुनिंबाच्या पाण्याला डॉक्टरबाईंनी नाही म्हटलं नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका म्हणाल्या. आणि जिच्या घरी मांजर आहे तिने कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराजवळसुद्धा नेऊ नये, ते मांजराला विषारी आहे.

खरं काम घरात होतं. कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरात. एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते, ती अंगावरून निसटून कुत्रं झोपतं तिथे पडतात. सुपारी झोपायची सासूबाईंच्या गोधडीवर, दिवाणाच्या पायथ्याशी. अळ्या उजेड टाळतात, कापडाच्या घडीत, लादीच्या फटीत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं सुकलेलं रक्त खाऊन वाढतात. त्यांना दमट हवा लागते. आपल्या पावसाळ्यात ती हवी तेवढी मिळते, आणि ऊन दाखवायला ऊनच नसतं. गोधडी उकळत्या पाण्यात भिजवून धुतली आणि पंख्याखाली वाळवली. चपलांच्या रॅकमागे, दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत व्हॅक्युम फिरवला आणि प्रत्येक वेळी आतली पिशवी बांधून लगेच बाहेर टाकली.

गोळी दिल्यानंतरही काही आठवडे घरात पिसवा दिसत राहिल्या, आणि हे आधी माहीत असणं फार गरजेचं आहे. इथेच बरेच लोक औषध खोटं म्हणून सोडून देतात. कोषातली पिसू औषधाला दाद देत नाही, ती महिनोन्‌महिने आत थांबू शकते. चालण्याची धडधड, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. म्हणून व्हॅक्युम मारल्यावर उलट जास्त दिसतात, आणि ते चांगलंच आहे. बाहेर आलेली पिसू औषध भिनलेल्या सुपारीला चावली की मरते. सासूबाई हैराण झाल्या होत्या. "अगं, पुन्हा एक उडाली बघ," असं त्या दिवसातून कितीदा सांगायच्या. मी बारीक दातांच्या फणीने सुपारीला विंचरायची आणि निघेल ती पिसू साबणाच्या पाण्यात टाकायची. हळूहळू फणी रिकामी यायला लागली.

मध्येच तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. ते पट्टकृमीचे तुकडे. पिसू गिळली की हा जंत कुत्र्याच्या पोटात जातो, म्हणून पिसवा न घालवता नुसतं जंतांचं औषध दिलं तर तो परत येतो. पायाच्या बोटांमध्ये एक गोचीडही सापडली. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. गोचिडीमुळे होणाऱ्या तापाची रक्ततपासणी करून घेतली, ती सुदैवाने चांगली आली.

खाज पहिल्या आठवड्यातच उतरली, केसांनी मात्र वेळ घेतला. आधी खपल्या गेल्या, मग कातडीचा काळपटपणा कमी झाला, मग मऊ लव आली आणि त्यातून खरे केस. आखूड केसांच्या कुत्र्यालाही यात महिने जातात, हे मनाशी धरून चालावं लागतं. दर दोन दिवसांनी फोटो काढून जीव टांगणीला लावू नये. जिथे कातडी फार जाड झाली होती तिथे केस अजून विरळ आहेत.

आता प्रश्न खालच्या कुत्र्यांचा. सुपारी दिवसातून तीनदा त्यांच्यात जाते. त्यांतल्या काळूच्या कानाच्या कडा आणि कोपरं उघडी पडली होती आणि त्याला कुरवाळणाऱ्या वॉचमनकाकांच्या हातालाही खाज सुटली होती. ती खरूज निघाली. त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेऊन दाखवलं, काकांना माणसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाकीच्यांसाठी बिल्डिंगमधल्या काही घरांनी पैसे काढले. या गोळ्या स्वस्त नाहीत, पण वाटून घेतल्या की झेपतात. डॉक्टरबाई स्वतः येऊन प्रत्येकाच्या वजनाचा अंदाज घेऊन गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी त्यांना खायला घालतात, त्यांनी कलेजीत लपवून गोळ्या दिल्या. पुढची गोळी दिवाळीच्या आधीच द्यायची ठरली आहे, कारण फटाके सुरू झाले की ही कुत्री पांगतात आणि मग आठवडाभर हाती लागत नाहीत.